संकेतस्थळ कोणत्या तंत्रावर उभे आहे, हे बाहेरून कसे ओळखावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकरोड परिसरातील एका सहकारी पतसंस्थेचे संकेतस्थळ काही वर्षांपूर्वी एका खासगी विकसकाने करून दिले. आता तो संपर्कात नाही आणि तांत्रिक कागदपत्रे संस्थेकडे नाहीत. नव्याने काम देण्यासाठी ज्यांच्याकडून दरपत्रके मागवली, त्यांतील प्रत्येकाने संकेतस्थळ वेगळ्याच तंत्रावर असल्याचे सांगितले. एका संचालकांनी ब्राउझरमध्ये वॅपलायझर हे तंत्र ओळखणारे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची पूरक सुविधा) टाकून पाहिले, तेव्हा वर्डप्रेस ही संकेतस्थळे चालवणारी प्रणाली दिसली. बिल्टविथ या तशाच ऑनलाइन साधनाने वर्डप्रेसबरोबर एएसपी डॉट नेट हे मायक्रोसॉफ्टचे तंत्र आणि क्लाउडफ्लेअर ही सर्व्हरच्या पुढे बसणारी वितरण व संरक्षण सेवाही दाखवली. आणि जुन्या वार्षिक अहवालांच्या पानांवर तर कोणतेच साधन काही सांगू शकले नाही, शिवाय तेथील मराठी मजकूर न वाचता येणाऱ्या रोमन अक्षरांत दिसतो. यांपैकी खरे काय आणि ते स्वतः कसे पडताळावे, असे आपण विचारले आहे.

आपण दिलेल्या वर्णनावरून ही सर्व उत्तरे आपापल्या जागी बरोबर असावीत असे वाटते. अनेक वर्षे चालत आलेल्या संस्थेचे संकेतस्थळ एकसंध राहिलेले नसते. मुखपृष्ठ आणि ठेवींच्या व्याजदरांची पाने वर्डप्रेसवर, सभासदांचे लॉगिन वेगळ्या उपडोमेनवर (मुख्य पत्त्याच्या आधी दुसरे नाव जोडून केलेल्या पत्त्यावर) डॉट नेटमध्ये, जुने अहवाल एखाद्या फोल्डरमध्ये साध्या एचटीएमएल पानांच्या रूपात, आणि या सर्वांच्या पुढे क्लाउडफ्लेअर, अशी रचना मला नाशिकमधील पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि सातपूर-अंबडचे लहान कारखाने यांच्याकडे वारंवार आढळते. म्हणून तपासणी प्रत्येक पत्त्यासाठी स्वतंत्रपणे करावी आणि प्रत्येक पत्त्यावर थर वेगळे पाहावेत: डोमेन कोठे नोंदले आहे, ब्राउझरची विनंती प्रथम कोणाकडे पोहोचते, त्यामागे कोणता वेब सर्व्हर आहे, पान कोणती प्रणाली तयार करते, ब्राउझरमध्ये कोणत्या लायब्ररी (तयार कोडचे संच) चालतात आणि बाहेरच्या कोणत्या सेवा जोडलेल्या आहेत. दरपत्रके देणाऱ्यांपैकी एकाने एक थर पाहिला असेल, दुसऱ्याने दुसरा. आणि दोघांनीही त्यालाच संपूर्ण संकेतस्थळ मानले असेल.

सुरुवात हेडरपासून करावी. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये पान उघडून एफ१२ दाबावे, 'नेटवर्क' हा टॅब निवडावा, पान पुन्हा लोड करावे आणि यादीतील पहिल्या ओळीवर क्लिक करावे; तेथे 'रिस्पॉन्स हेडर्स' या शीर्षकाखाली सर्व्हरने पानासोबत पाठवलेली माहिती दिसते. त्यातील 'सर्व्हर' या ओळीवर नवखा तपासनीस सर्वाधिक विश्वास ठेवतो. माझ्या मते तो पुरावा त्या मानाने दुबळा आहे, कारण ती ओळ सर्वांत शेवटी उत्तर देणाऱ्याचे नाव सांगते. क्लाउडफ्लेअर पुढे असेल तर तेथे क्लाउडफ्लेअर एवढेच लिहिलेले असते आणि मागचा खरा वेब सर्व्हर, म्हणजे अपाची, एनजिनएक्स किंवा मायक्रोसॉफ्टचा आयआयएस, झाकला जातो. त्याच ठिकाणी 'सीएफ-रे' नावाचे हेडर असते आणि त्याच्या शेवटी, ज्या केंद्रातून उत्तर आले त्या शहराच्या विमानतळाचा तीन अक्षरी संकेत असतो. 'बीओएम' म्हणजे मुंबई. त्यावरून संकेतस्थळ मुंबईत होस्ट केलेले आहे असा अर्थ काढला जातो, पण ते केवळ वाचकाच्या वाट्याला आलेले वितरण केंद्र असते. मूळ सर्व्हर सिंगापूरमध्ये असो वा जर्मनीत, नाशिकमधून पाहणाऱ्याला बहुधा मुंबईच दिसेल.

हेडरमध्ये आवृत्तीचा क्रमांक दिसला तर तो लिहून ठेवावा, पण त्याचा अर्थ लावताना घाई करू नये. 'एक्स-पॉवर्ड-बाय' या हेडरमध्ये पीएचपी ५.६.४० (पीएचपी म्हणजे वर्डप्रेस जिच्यावर चालते ती भाषा) असे दिसले, तर ती पीएचपी ५.६ मालिकेतील शेवटची आवृत्ती आहे आणि त्या मालिकेचा सुरक्षा-आधार, म्हणजे सुरक्षा-दुरुस्त्यांचा पुरवठा, ३१ डिसेंबर २०१८ रोजी संपला, पीएचपी ७.४ चा आधार २८ नोव्हेंबर २०२२ रोजी संपला. येथे अर्थ बराच सरळ आहे. अपाचीच्या बाबतीत तो तितका सरळ नाही. 'अपाची २.४.६, सेंटओएस' असे दिसले की अनेक जण २०१३ चा सर्व्हर म्हणून गळा काढतात. प्रत्यक्षात सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीमध्ये आवृत्तीचा क्रमांक तोच ठेवून नंतरच्या सुरक्षा-दुरुस्त्या मागे आणून बसवल्या जात असत, त्यामुळे केवळ क्रमांकावरून तो सर्व्हर कमकुवत ठरत नाही. मात्र सेंटओएस ७ चाच आधार ३० जून २०२४ रोजी संपला असल्याने आज तो दिसणे ही चिंतेची बाब आहे. चिंतेचे कारण मात्र ते नव्हे जे सहसा दिले जाते.

आपल्या लॉगिनच्या उपडोमेनसाठी आयआयएसचा क्रमांक दिसला, तर तो विशेष उपयोगी पडेल, कारण तो थेट विंडोज सर्व्हरच्या आवृत्तीशी बांधलेला असतो. आयआयएस ७.५ म्हणजे विंडोज सर्व्हर २००८ आर२, ज्याचा विस्तारित आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, आयआयएस ८.५ म्हणजे २०१२ आर२, ज्याचा आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. आयआयएस १० हा २०१६ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये सारखाच दिसतो, त्यामुळे तेथे अधिक काही ठरवता येत नाही. तसेच 'एक्स-एएसपीनेट-व्हर्जन' या हेडरमध्ये ४.०.३०३१९ हा आकडा दिसला, तर डॉट नेटची २०१० मधील पहिली चौथी आवृत्तीच चालू आहे असे समजू नये. तो रनटाइमचा क्रमांक आहे आणि डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ पर्यंत तोच राहिला आहे.

हेडरपेक्षा मी कुकीच्या, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदींच्या, नावांवर जास्त विसंबतो. सर्व्हरचे नाव लपवणे हे एका ओळीचे काम आहे आणि पुढे बसवलेली सेवा ते आपोआप करते. कुकीचे मूळ नाव बदलण्याचे कष्ट मात्र फार थोडे विकसक घेतात. एफ१२ दाबून 'ॲप्लिकेशन' या टॅबमध्ये, फायरफॉक्समध्ये 'स्टोरेज' या टॅबमध्ये, कुकीची यादी दिसते. 'पीएचपीसेसआयडी' असेल तर मागे पीएचपी आहे, 'जेसेशनआयडी' असेल तर जावा आहे, नावात एएसपी डॉट नेट आणि सेशनआयडी एकत्र आले तर मायक्रोसॉफ्टचे तंत्र आहे, 'लारावेल सेशन' हे पीएचपीवरील लारावेलचे नाव स्वतःच स्वतःची ओळख देते, 'सीएसआरएफटोकन' हे नाव बहुधा पायथॉनमधील जँगोकडे बोट दाखवते आणि 'कनेक्ट डॉट एसआयडी' नोड जेएसवरील एक्सप्रेसकडे. एक्सप्रेस किंवा जँगोच्या बाबतीत मी 'बहुधा' म्हणतो, कारण ती नावे दुसऱ्या एखाद्यानेही वापरणे अशक्य नाही.

अशा खुणा कधीकधी अगदी अनपेक्षित जागी सापडतात. ड्रुपल या वर्डप्रेससारख्याच प्रणालीवर चालणाऱ्या अनेक संकेतस्थळांच्या 'एक्सपायर्स' हेडरमध्ये १९ नोव्हेंबर १९७८ ही तारीख दिसते. ती ड्रुपलचे जनक ड्रीस बॉयटार्ट यांची जन्मतारीख आहे आणि पान साठवून ठेवू नये हे ब्राउझरला कळवण्यासाठी भूतकाळातील एखादी तारीख हवी म्हणून ती प्रणालीत घालण्यात आली. ड्रुपलची इतर सर्व चिन्हे पुसलेली असतानाही ही तारीख राहून गेलेली मी पाहिली आहे, आणि अशी खूण सापडली की या कामाचा खरा आनंद मिळतो.

यानंतर पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, पाहावा. येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे: 'व्ह्यू पेज सोर्स' केल्यावर सर्व्हरने पाठवलेला मजकूर जसाच्या तसा दिसतो, तर 'इन्स्पेक्ट' केल्यावर जावास्क्रिप्टने त्यात केलेल्या बदलांनंतरची रचना दिसते. सोर्समध्ये जवळजवळ रिकामे पान आणि इन्स्पेक्टमध्ये भरलेले पान दिसत असेल, तर मजकूर ब्राउझरमध्ये तयार होत आहे, म्हणजे रिॲक्ट, व्ह्यू किंवा अँग्युलर यांसारखे जावास्क्रिप्टचे काहीतरी आहे, हे कोणत्याही साधनाशिवाय कळते. अँग्युलरच्या नव्या आवृत्त्या मूळ घटकावर 'एनजी-व्हर्जन' हा गुणधर्म आवृत्तीच्या क्रमांकासह लिहितात. रिॲक्टवरील नेक्स्ट जेएसच्या फायलींचे पत्ते 'अंडरस्कोर नेक्स्ट' या फोल्डरमधून येतात, व्ह्यूवरील नक्स्टचे 'अंडरस्कोर नक्स्ट'मधून.

वर्डप्रेस ओळखण्यासाठी 'जनरेटर' हा मेटा टॅग शोधण्याची पद्धत सर्वांना माहीत आहे, परंतु सुरक्षेचे प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेले पूरक भाग) तो टॅग काढून टाकतात. चित्रांचे आणि स्टाइलशीटचे पत्ते त्यापेक्षा विश्वासार्ह आहेत. 'डब्ल्यूपी-कंटेंट'नंतर 'थीम्स' किंवा 'प्लगइन्स' आणि त्यापुढे एक नाव आले की वापरात असलेली थीम आणि निदान त्या पानावर काम करणारे प्लगइन कळतात. त्या पत्त्यांच्या शेवटी 'व्हर' असे लिहून क्रमांक दिलेला असतो. वर्डप्रेसच्या स्वतःच्या फायलींवर, दुसरा क्रमांक ठरवून दिलेला नसेल तर, तो वर्डप्रेसचा आवृत्ती-क्रमांक असतो आणि प्लगइनच्या फायलींवर सहसा प्लगइनचा. हे दोन क्रमांक एकमेकांत मिसळल्यामुळे पूर्णपणे अद्ययावत संकेतस्थळ जुने ठरवले गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्याचप्रमाणे जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी सापडली म्हणून संकेतस्थळ जेक्वेरीवर बांधलेले आहे असे म्हणणे निरर्थक आहे, कारण वर्डप्रेस ती लायब्ररी स्वतःसोबतच आणते. तिची आवृत्ती मात्र पाहावी. २०२० मध्ये आलेल्या ३.५.० या आवृत्तीत एक महत्त्वाची सुरक्षा-दुरुस्ती झाली आणि त्याआधीची आवृत्ती असेल तर ते दरपत्रकात कामाचा भाग म्हणून यायला हवे.

केवळ 'डब्ल्यूपी-कंटेंट' दिसल्यानेही सर्व ठरत नाही. चित्रे तेथून येतात पण पाने नेक्स्ट जेएसमधून, अशी रचना असू शकते. म्हणजे मजकूर भरण्याची जागा वर्डप्रेस आहे आणि दर्शनी बाजू वेगळी आहे. असे संकेतस्थळ केवळ वर्डप्रेस जाणणाऱ्या माणसाकडे दिले तर तो पहिल्याच आठवड्यात अडकेल. म्हणून कोणत्याही निष्कर्षासाठी एकमेकांवर अवलंबून नसलेले किमान दोन पुरावे असावेत, असा माझा आग्रह असतो. पत्त्यातील वर्डप्रेस आणि कुकीतील पीएचपी हे एकमेकांना बळ देतात. पत्त्यातील वर्डप्रेस आणि जनरेटर टॅगमधील वर्डप्रेस हे दोन्ही एकाच प्रणालीने लिहिलेले असल्याने त्यांचे वजन जवळजवळ एकाच पुराव्याइतके आहे.

डॉट नेटच्या पानांसाठी सोर्समध्ये 'व्ह्यूस्टेट' हे लपवलेले फील्ड शोधावे. ते आणि 'एएसपीएक्स' हा प्रत्यय असेल तर ते वेब फॉर्म्स हे जुने तंत्र आहे. त्याची देखभाल करणारे आजही मिळतात, परंतु ते काम वर्डप्रेस करणाऱ्याकडून होणार नाही, हे संचालक मंडळाला आधीच माहीत असलेले बरे.

सराव करायचा असेल तर नाशिक जिल्ह्याच्या शासकीय संकेतस्थळाचा सोर्स उघडून पाहावा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एस३वास' या मंचावर देशातील अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे आहेत. चित्रांचे पत्ते त्या मंचाच्या वितरण-डोमेनवरून येतात आणि एवढ्यावरूनही मंच ओळखता येतो. दुसऱ्या जिल्ह्याचे पान शेजारी उघडले की समान सांगाडा लगेच लक्षात येतो.

आता जुन्या अहवालांच्या पानांकडे वळतो, कारण आपल्या प्रश्नातील हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे आणि परदेशी साधने येथे फारशी मदत करत नाहीत. मजकूर रोमन अक्षरांच्या कडबोळ्यासारखा दिसतो याचा अर्थ पान बिघडले आहे असा नाही. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतपद्धतीचा वापर रुळण्यापूर्वी मराठी पाने विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असत: फाइलमध्ये रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असत आणि त्या संकेतांच्या जागी देवनागरीची चित्रे काढणारा फॉन्ट संगणकावर असेल तरच मराठी दिसे. शिवाजी, कृतिदेव, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकच्या आयएसएममधील 'डीव्ही-टीटी' मालिकेतील योगेश आणि सुरेख, ही नावे ज्यांनी त्या काळात छपाई किंवा टंकलेखन केले आहे त्यांच्या ओळखीची आहेत. काही संकेतस्थळांनी वाचकाला फॉन्ट बसवावा लागू नये म्हणून तो पानाबरोबर उतरवण्याची सोय केली होती. इंटरनेट एक्स्प्लोररसाठी त्याचे रूप 'ईओटी' फाइलचे असे. क्रोम आणि फायरफॉक्स हे रूप वाचत नाहीत आणि इंटरनेट एक्स्प्लोरर ११ ला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केले, त्यामुळे तोवर कशीबशी वाचता येणारी ही पाने आता जवळजवळ सर्वांसाठीच अवाच्य झाली आहेत.

ओळखण्याची पद्धत सोपी आहे. सोर्समध्ये 'फॉन्ट फेस' हा शब्दप्रयोग शोधावा, किंवा स्टाइलशीटमध्ये 'फॉन्ट-फॅमिली' पाहावे. तेथे फॉन्टचे नेमके नाव मिळते. हे नाव अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक फॉन्टचा संकेततक्ता निराळा असतो आणि एका फॉन्टसाठी केलेले रूपांतर दुसऱ्याला चालत नाही. शिवाय रूपांतर म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरे ठेवणे इतके सोपे नसते. या फॉन्टमध्ये मजकूर दिसण्याच्या क्रमाने साठवलेला असतो, म्हणून ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे उलट आहे: जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर लिहिला जातो आणि युनिकोडमध्ये त्याचा 'र' आधी येतो. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले की चांगली रूपांतरकेही चुकतात. सभासदांची आडनावे आणि गावांची नावे येथेच बिघडतात. ताळेबंदातील आकड्यांविषयी मी अधिक काळजी घ्यायला सांगेन, कारण काही फॉन्टमध्ये इंग्रजी अंकांच्या (1, 2, 3) संकेतांवर देवनागरी अक्षरे किंवा चिन्हे बसवलेली आहेत. म्हणून रूपांतरित प्रत्येक आर्थिक तक्ता छापील अहवालाशी ताडून पाहावा. पीडीएफ असेल तर 'प्रॉपर्टीज'मधील फॉन्टच्या यादीत तेच नाव सापडते. जे दरपत्रक जुने अहवाल 'अपलोड करून देऊ' एवढेच म्हणते, त्याने हा भाग पाहिलेलाच नाही असे खुशाल समजावे.

संकेतस्थळावर शेवटचा हात कधी फिरला, हेही खुणांवरून कळते. गुगल ॲनालिटिक्सचा 'यूए' या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक तेवढा शिल्लक असेल, तर १ जुलै २०२३ रोजी ती जुनी पद्धत थांबल्यानंतर त्या भागाकडे कोणी लक्ष दिलेले नाही. नवीन क्रमांक 'जी' या अक्षराने सुरू होतो. फ्लॅशचा एखादा घटक राहिला असेल तर तो ३१ डिसेंबर २०२० पासून आधाराविना आहे. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये संस्थेचा पत्ता टाकला, तर पानाच्या जुन्या प्रती वर्षानुसार पाहता येतात आणि त्यांच्याही सोर्समध्ये हाच शोध घेता येतो. कोणत्या वर्षी प्रणाली बदलली हे त्यावरून जवळपास निश्चित करता येते. हरवलेल्या अहवालांच्या प्रतीही कधीकधी तेथे मिळतात.

डीएनएस नोंदींकडे, म्हणजे डोमेनचे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यावे हे सांगणाऱ्या नोंदींकडे, पानाचा सोर्स पाहणारे सहसा जात नाहीत, पण आपल्यासाठी त्या महत्त्वाच्या आहेत. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एनएसलुकअप' चालवून त्या पाहता येतात. एनएस नोंदीवरून डीएनएसचे नियंत्रण कोणाकडे आहे ते कळते, एमएक्स नोंदीवरून ईमेल गुगल, मायक्रोसॉफ्ट, झोहो की होस्टिंगवाल्याकडे आहे ते कळते, आणि टीएक्सटी नोंदींमध्ये संस्थेच्या नावाने ईमेल पाठवण्याची परवानगी कोणकोणत्या सेवांना दिलेली आहे ते दिसते. संकेतस्थळ हलवताना एमएक्स नोंद विसरली गेली आणि संस्थेचे ईमेल बंद पडले, असा प्रसंग या क्षेत्रात नेहमी घडतो. विसरलेली उपडोमेन शोधण्यासाठी संकेतस्थळांच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांच्या (एचटीटीपीएससाठी लागणाऱ्या) सार्वजनिक नोंदवह्या उपयोगी पडतात. क्रोमने एप्रिल २०१८ अखेरपासून नव्या प्रमाणपत्रांसाठी ही नोंद आवश्यक केली, आणि 'सीआरटी डॉट एसएच' या ठिकाणी डोमेन टाकून ती यादी कोणालाही पाहता येते. 'टेस्ट' किंवा 'ओल्ड' अशा नावाने सुरू होणारे, कोणाच्याच लक्षात नसलेले उपडोमेन तेथे सापडले तर त्याची तपासणी सर्वांत आधी करावी.

साधनांविषयी थोडे सांगतो, कारण मूळ गोंधळ त्यांच्यामुळे झाला. ही साधने म्हणजे ठशांचे संग्रह आहेत: हेडर, कुकी, पत्ते आणि जावास्क्रिप्टमधील पानभर लागू असणारी (ग्लोबल) नावे यांची ठरलेल्या नमुन्यांशी तुलना करून ती उत्तर देतात. वॅपलायझरचे एक्स्टेन्शन आपण उघडलेले पान त्या क्षणी तपासते, म्हणून मुखपृष्ठावर त्याने वर्डप्रेस सांगितले आणि डॉट नेट सांगितले नाही. बिल्टविथ स्वतः फिरून माहिती गोळा करून ठेवते आणि पूर्वी आढळलेल्या गोष्टीही, त्या कधी दिसल्या याच्या तारखांसह, दाखवते. ती तारीख न वाचता यादी वाचली की दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेली गोष्टही चालू आहे असे वाटते. कमांड लाइनवर काम करणाऱ्यांसाठी रुबीमध्ये लिहिलेले व्हॉटवेब चांगले आहे, कारण कोणत्या खुणेवरून निष्कर्ष काढला ते ते तपशीलवार सांगते. मी साधनांचे उत्तर नेहमी शोधाची सुरुवात मानतो आणि खूण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अहवालात लिहीत नाही.

काही गोष्टी बाहेरून कळतच नाहीत. डेटाबेस कोणता आहे, बॅकअप घेतला जातो का, सभासदांचे पासवर्ड कोणत्या स्वरूपात साठवले आहेत, लॉगिनचा भाग संस्थेच्या लेखा-प्रणालीशी थेट जोडलेला आहे की रोज फाइल चढवली जाते, हे पानाच्या सोर्समधून ठरवता येत नाही. वर्डप्रेस आहे म्हणजे मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असणार, हा अंदाज जवळजवळ निश्चित म्हणता येईल. डॉट नेट आहे म्हणजे एसक्यूएल सर्व्हरच असणार, हा केवळ अंदाज आहे. जो कोणी बाहेरून पाहून या गोष्टी ठामपणे सांगत असेल, त्याला तो कशावरून सांगतो हे विचारावे.

येथे मर्यादेचा प्रश्न येतो आणि तो मी गांभीर्याने मांडू इच्छितो. आतापर्यंत सांगितलेले सर्व, ब्राउझरने स्वतःहून मिळवलेली किंवा सार्वजनिक नोंदींत असलेली माहिती वाचणे एवढेच आहे. लॉगिनच्या चौकटीत निरनिराळी चिन्हे टाकून पाहणे, प्रशासक पानांचे पत्ते अंदाजाने उघडणे, व्हॉटवेब त्याच्या आक्रमक पातळीवर चालवून एकामागून एक विनंत्या पाठवणे, किंवा प्लगइनची यादी काढण्यासाठी स्कॅनर लावणे, हे निराळ्या स्वरूपाचे काम आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना केलेल्या प्रवेशाचा समावेश आहे; आणि ते कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेले असेल तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संकेतस्थळ आपल्या संस्थेचे असले तरी सर्व्हर होस्टिंग कंपनीचा असतो आणि त्यावर इतरांचीही संकेतस्थळे असतात. म्हणून अशी तपासणी आवश्यक वाटल्यास संचालक मंडळाचा ठराव, होस्टिंग कंपनीची लेखी संमती आणि तपासणीची वेळ हे तिन्ही आधी ठरवून घ्यावे. पाहता पाहता एखादी गंभीर त्रुटी समोर आली, उदाहरणार्थ सभासदांच्या कागदपत्रांचे फोल्डर उघडे दिसले, तर एकही फाइल न उतरवता थांबावे, होस्टिंग कंपनीला कळवावे आणि सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे नोंद करावी. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार निर्देशांत दिलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते.

जे आढळेल त्याचा तक्ता करावा: पत्ता, थर, निष्कर्ष, कोणत्या खुणेवरून, कोणत्या तारखेला पाहिले, आणि खात्री किती. शेवटचा रकाना 'निश्चित', 'बहुधा' आणि 'अंदाज' एवढ्या तीन शब्दांत भरला तरी चालेल. हा तक्ता सर्व दरपत्रकदारांना एकच द्यावा आणि ज्याला तो चुकीचा वाटेल त्याने आपला पुरावा लेखी द्यावा, अशी अट घालावी. मग येणारी दरपत्रके एकाच कामाची असतील आणि त्यांची तुलना करता येईल.

मात्र हा तक्ता पाठवण्याआधी डोमेनची नोंद पाहावी. आरडीएपी या डोमेन-नोंदणीची माहिती देणाऱ्या सार्वजनिक शोधात डोमेनचा निबंधक (ज्या कंपनीमार्फत डोमेन घेतले ती; सहकार खात्याचा निबंधक नव्हे), नोंदणीची आणि मुदत संपण्याची तारीख दिसते. 'डॉट इन' डोमेनची नोंदवही निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) सांभाळते. नोंदणीधारकाचे नाव बहुधा झाकलेले असते, पण निबंधक कोण ते कळल्यावर संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, जुनी देयके आणि ठराव घेऊन त्याच्याकडे लेखी विचारणा करता येते. खाते जुन्या विकसकाच्या वैयक्तिक ईमेलवर असेल तर ते संस्थेच्या नावावर आणणे हे पहिले काम, होस्टिंगच्या खात्याचा ताबा हे दुसरे, फायली आणि डेटाबेसची संपूर्ण प्रत उतरवून घेणे हे तिसरे. मुदत संपण्याची तारीख तीन महिन्यांच्या आत असेल, तर तंत्राची ओळख बाजूला ठेवून त्याच दिवशी निबंधकाला पत्र पाठवावे.